सिम्युलेटरवर शिकता न येणारा भाग

सिम्युलेटरवर बेसिक टीईईचे (अन्ननलिकेत प्रोब घालून केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीचे) ११ व्ह्यू बसले की ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहता येतं, असं म्हणतात; ते हाताच्या सवयीपुरतं पटतं. प्रोब पुढे-मागे करण्याआधी त्याचं टोक वाकवून धरणारं लॉक सोडणं, अडथळा लागला तर जोर न लावणं, फोर चेंबर व्ह्यूमध्ये एलव्ही (हृदयाचा डावा खालचा कप्पा) आखूड दिसला तर प्रोबचं टोक किंचित मागे वाकवणं (रेट्रोफ्लेक्स), हे तिथेच शिकावं.

पण भूल दिल्यावर बदललेलं हृदय सिम्युलेटर सहसा दाखवत नाही. इंडक्शननंतर, म्हणजे भूल चढल्यावर, आफ्टरलोड (ज्या दाबाविरुद्ध हृदय रक्त ढकलतं तो) उतरतो आणि आधीच्या टीटीईत (छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत) गंभीर दिसलेली मायट्रल व्हॉल्व्हची गळती, विशेषतः फंक्शनल (व्हॉल्व्हच्या पडद्यांमुळे नव्हे, हृदय फुगल्यामुळे होणारी) असेल तर, मध्यम वाटू लागते. शिकाऊ डॉक्टर जेटचा (उलट्या वाहणाऱ्या धारेचा) रंग बघून लगेच ग्रेड सांगतो, सर्जन व्हॉल्व्हला हात न लावायचा विचार करू लागतो. ग्रेड सांगण्याआधी फिनाइलएफ्रिन या दाब वाढवणाऱ्या औषधाने रक्तदाब रुग्णाच्या जागेपणीच्या पातळीला आणा, कलर डॉपलरची नायक्विस्ट मर्यादा (मशीन नीट दाखवू शकेल तो कमाल वेग) ५०–६० सेंमी प्रतिसेकंदावर ठेवा, मग व्हेना कॉन्ट्रॅक्टा, म्हणजे जेटची सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, मोजा. ७ मिमी किंवा जास्त म्हणजे गंभीर. बायपासनंतरही (हार्ट-लंग मशीन काढल्यावरही) दाब तोच हवा, नाहीतर रिपेअर उगाच चांगला दिसतो. लॉगबुकात प्रत्येक मोजमापाशेजारी त्या वेळचा रक्तदाब लिहायला लावा. व्ह्यूंच्या संख्येपेक्षा मी तोच रकाना आधी तपासेन.