डॉ. रखमाबाईंची वंशावळ: आडनावापाशीच अडलंय

सुरतकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या महाराष्ट्र मंडळात 22 नोव्हेंबरला डॉ. रखमाबाईंची जयंती आहे. त्या 1895 पासून सुरतेत डॉक्टर होत्या, त्यामुळे आम्ही त्यांना आमच्याच समजतो. फलकावर वंशावळ मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, नवरा दादाजी भिकाजी, इथवर आले. पण आडनाव कुणी राऊत लावतं, कुणी सावे. प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग जनार्दनरावांचे भाऊ म्हणायचे का? पुढे शोधू कुठे?

कोकणकडा:
त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांना गाठा. त्यांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. आमच्या पणजोबांची सही तिथेच मिळाली, मोडीत.

जुनं दप्तर:
उपाध्ये पहिला प्रश्न विचारणार, आडनाव काय नि मूळ गाव कुठलं. ताईंचं घोडं तिथेच अडलंय!

आत्माराम पांडुरंगांना आधी बाजूला ठेवा. दादोबा, भास्कर, आत्माराम हे तर्खडकर बंधू. त्या काळी मुंबईत स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहायची सर्रास पद्धत होती, त्यामुळे ‘पांडुरंग’ दिसला की भाऊबंद असं होत नाही. शिवाय रखमाबाई सुतार समाजातल्या, म्हणजे समाजही वेगळा. गंमत म्हणजे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन एकत्र सापडतात, पण ते 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत. नातं नव्हे, ओळख. राऊत हे सखाराम अर्जुनांकडचं आडनाव. बाई स्वतः नुसतं ‘रखमाबाई’ लिहीत. फलकावर तेवढंच लिहा, आडनाव चिकटवू नका.

आता शोधायचं कुठे. मी उभी हयात वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली, म्हणून मला आधी दावा आठवतो. कुलवृत्तान्तात बाई सापडली तर कुणाची तरी बायको म्हणून. इथे नवऱ्यानंच कोर्टात खेचलं म्हणून गोतावळा कागदावर आला. बायकोनं नांदायला यावं म्हणून दादाजींनी लावलेला दावा 1884 चा. इंडियन लॉ रिपोर्ट्सची, म्हणजे हायकोर्टाच्या छापील निकालांची, मुंबई मालिका काढा: खंड 9, पान 529 वर न्या. पिन्हींचा निकाल, रखमाबाईंच्या बाजूचा. खंड 10, पान 301 वर अपील, तिथे पारडं फिरलं. 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद असं फर्मावलं, आणि 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

पण निकालपत्रात कायद्याचा कीस फार, घरचं कमी. घरचं हवं तर 1887 ची वर्तमानपत्रं बघा. दादाजींनी आपली बाजू छापली, तिला रखमाबाईंनी ‘बॉम्बे गॅझेट’मधून उत्तर दिलं. कोण कुणाच्या घरी वाढलं, पैसा कुणाचा, यावर दोघांनी एकमेकांची लक्तरं काढलीत. दादाजी सखाराम अर्जुनांचे नातलग, हेही त्याच भांडणात उलगडतं. मात्र दोन्हीकडचं वाचा. एकट्याचं वाचून वंशावळ मांडलीत तर ती कैफियत होईल.

सुरतकरीण:
केवढं सांगितलंत! मग जनार्दनरावांच्या आधीची पिढी?

जुनं दप्तर:
मालमत्तेच्या वाटेनं जा. जनार्दनराव गेले तेव्हा मुलगी जेमतेम अडीच वर्षांची. 1856 च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. जयंतीबाईंनी ती मुलीच्या नावे केली आणि मग सखाराम अर्जुनांशी लग्न केलं. मिळकत नावावर करायची तर मूळ मालक नि वारस लिहावे लागतात, म्हणून माझा भर दस्तावर. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे चौकशी करा. आजोळ सोडू नका, रखमाबाईंना वाढवलं आईच्याच घराने.

कोकणकडा:
माझी चोपडी बाद तर!

जुनं दप्तर:
बाद कशाला? मूळ गाव हाती लागलं की तुमच्याकडेच येतील. ताई, मोडी येत नसेल तर कागदाचा फोटो इथे टाका, नावं मी वाचून देईन.

सुरतकरीण:
पुढच्या आठवड्यात मुंबईला भावाकडे जातेय. फलकावर आधी आईची बाजू लावते, वडिलांकडची जागा तूर्त कोरी.