स्वस्त विमान तिकीट नेमके कोणाला स्वस्त पडते?

सावंतवाडीकर :
"थेट विमान कंपनीकडून तिकीट काढणारा माणूस पैसे उधळतो," हे देवगडकरांचे कालचे विधान खटकले, म्हणून सविस्तर लिहितो. अनेक कंपन्यांची तिकिटे विकणाऱ्या प्रवासी संकेतस्थळावर पहिल्या पानावर दिसणारे भाडे शेवटच्या पानापर्यंत टिकत नाही. वाटेत सुविधा शुल्क जोडले जाते आणि विम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा प्रकारांना मनाई केली, तरी ते थांबलेले नाहीत. खरा मनस्ताप तिकीट रद्द केल्यावर होतो. सासरे आजारी पडल्यामुळे माझ्या बहिणीने दिल्लीचे तिकीट रद्द केले, तेव्हा कंपनी म्हणाली संकेतस्थळाला विचारा आणि संकेतस्थळ म्हणाले कंपनीकडून पैसेच आले नाहीत. मोबाइलवर 'रिफंड प्रक्रियेत आहे' हा संदेश येत राहिला, पासबुकात मात्र एक रुपया जमा नव्हता.

देवगडकर :
सुविधा शुल्क कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही लागते, हे आपण सांगितले नाही. रिफंडचे म्हणाल, तर एजंटकडून, म्हणजे अशा संकेतस्थळावरूनही, काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. तिकीट परतावा न मिळणारे असले, तरी कर आणि विमानतळ वापर शुल्क परत द्यावेच लागते. बहिणीने कंपनीला लेखी धारेवर धरायला हवे होते. माझा मुलगा बंगळुरूला असतो. सगळ्या कंपन्यांची भाडी एका पानावर दिसतात आणि बँकेच्या कार्डावर सूट मिळते, म्हणूनच त्याला सणाला घरी येणे परवडते.

मालवणकर :
आपण दोघे शुल्कावरून भांडता, पण आम्ही विमान पकडायचे कुठून? ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले, मुंबईचे विमान सरकारी अनुदानाच्या 'उडान' योजनेत सुरू झाले आणि तीन वर्षांची मुदत संपताच बंद पडले. गणपतीत कोकण रेल्वेची प्रतीक्षा यादी काही मिनिटांत भरते, महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रखडते आणि विमानतळ असूनही आम्ही गोव्याकडे धावतो.

सावंतवाडीकर :
गोव्याचे निघालेच आहे, तर ऐका. गोव्याचा नवा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून संकेतस्थळावर 'गोवा' असे शोधले की जुना दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांची विमाने एकाच यादीत येतात. आमच्या भाच्याने सर्वांत स्वस्त ओळ निवडली, ती दाबोळीची निघाली. रात्री उतरून झुआरी आणि मांडवी या नद्या ओलांडत सावंतवाडी गाठेपर्यंत टॅक्सीने सगळी बचत खाल्ली. मोपा तर आमच्या दारात आहे.

मालवणकर :
आपल्या दारात आहे, म्हणूनच चिपीचे मुंबई विमान बंद पडले तरी आपल्याला त्याचे सुखदुःख नाही! मोपा झाल्यावर चिपीला प्रवासी कुठून मिळणार, हे आम्ही तेव्हाच ओरडून सांगत होतो.

सावंतवाडीकर :
हा आरोप मला मान्य नाही. चिपी चालावी असे मलाही वाटते. पण अनुदान संपताच थांबणाऱ्या विमानाच्या भरवशावर कोणी आजारी माणसाला मुंबईला नेण्याचे ठरवू शकत नाही.

देवगडकर :
विमानतळाचे नाव ठळक दिसले पाहिजे, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडे मागे हटणार नाही. भाडी संकेतस्थळावरच पाहावीत. तिकीट कुठून काढायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मालवणकर :
आपण ठरवाल, कारण आपल्यापुढे पर्याय आहेत. चिपी विमानतळासाठी परुळ्याच्या माळावर आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या; त्या धावपट्टीवरून मुंबईचे नियमित, परवडणारे विमान उडावे यासाठी आपण दोघे निवेदनावर सही करणार का, तेवढेच सांगा.