धर्मभावना दुखावणं हा गुन्हा असावा का?

कृष्णाकाठ
माझं मत आधीच सांगते. धर्मभावना दुखावणं हा गुन्हा नसावा. माणसांविरुद्ध चिथावणी देणं हा मात्र असावा, आणि त्यात आजच्यासारखी ढिलाई नको.

कायद्यात दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दंड संहितेचं जुनं कलम १५३अ (आता भारतीय न्याय संहितेचं १९६) समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे. जुनं २९५अ (आता २९९) धर्माचा दुष्ट हेतूने, जाणूनबुजून अपमान करण्याबद्दल. हे दुसरं कलम १९२७चं. लाहोरच्या राजपाल या प्रकाशकाने पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर गलिच्छ पुस्तिका काढली होती. मृत धर्मसंस्थापकावर टीका म्हणजे त्याच्या अनुयायांविरुद्ध वैर पसरवणं नव्हे, असं म्हणून लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. लोक खवळले, आणि त्याच वर्षी हे कलम आलं. १९२९मध्ये राजपालचा खून झालाच.

मला त्या न्यायाधीशाचं म्हणणं आजही पटतं. संत एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचा. दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. आज कुणी असं लिहिलं तर दोन्ही बाजूंनी तक्रार होईल.

घाटमाथा
कृष्णाकाठताई, नाथांच्या संवादातले दोघं समोरासमोर उभे आहेत. एकाला राग आला तर दुसऱ्याला तो दिसतो, म्हणून गळाभेट शक्य होते. स्टेटस टाकणारा कुणाच्याच समोर नसतो.

जून २०२३मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दगडफेक झाली. सप्टेंबरमध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला एका पोस्टवरून जमाव चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला, इंटरनेट बंद करावं लागलं. श्रद्धेवरची टीका वेगळी आणि माणसांवरचा हल्ला वेगळा, ही विभागणी चौकात टिकत नाही. महाराजांबद्दल कुणी घाण बोललं तर ती मला माझ्या आईला दिलेली शिवी वाटते, आणि असं वाटणारा मी एकटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये हे कलम सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी म्हणूनच वैध ठरवलं. ते काढलंत तर लोक पोलीस ठाण्यात येणार नाहीत, परस्पर निकाल लावतील.

आडवाट
तालुका कोर्टात वकिली करतो. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो.

रात्री ठाण्याच्या दारात दीड-दोनशे माणसं. पुढच्याच्या हातात स्क्रीनशॉटची झेरॉक्स. मागच्यांपैकी बहुतेकांनी ती पोस्ट वाचलेलीही नसते. साहेबांपुढे प्रश्न एकच, गर्दी पांगवायची कशी? पोरगं आत घेतलं की पांगते. मग २९९ लागतं. दखलपात्र, अजामीनपात्र. खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, अटकेला नाही. मंजुरीचा कागद हलेपर्यंत पोरगं कोठडी बघून आलेलं असतं, कामावरून काढलेलं असतं, घरच्यांनी भाड्याची खोली सोडलेली असते.

धोनीला मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं तेव्हाही हेच कलम लागलं होतं. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केलं. दुष्ट हेतू नसेल तर गुन्हा नाही. पण धोनी दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. माझ्या अशिलाला जिल्ह्याला जायचं तरी एक दिवसाची मजुरी बुडते.

तरी घाटमाथांचं एक खरं आहे. त्या रात्री ते पोरगं कोठडीतच सुरक्षित असतं.

कृष्णाकाठ
जीव वाचवायला ठाण्यात बसवणं मी समजू शकते. त्यासाठी त्याला आरोपी का करायचं? ज्याच्या अंगावर दगड येणार त्याच्यावर गुन्हा आणि दगड मारणारे 'अज्ञात इसम', हे चालणार नाही.

आणि घाटमाथा, पुसेसावळीत जो गेला तो जमावाच्या हातून गेला. तुमचं उदाहरण जमावाला आवरण्याचं आहे, बोलण्याला नव्हे.

मिरजवाली
मी मुसलमान आहे. पैगंबरांबद्दल घाणेरडं वाचलं की पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू. पण त्याने माझी झोप उडत नाही. वडिलांचं फळांचं दुकान आहे. यांच्याकडून माल घेऊ नका, असं मोर्चात माइकवरून ओरडून सांगितलं तेव्हा ठरलेली गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून समोरच्या गाड्यावर जायला लागली. देवाधर्माचं नावही त्या भाषणात फारसं नव्हतं. भावना मोजणाऱ्या कलमात ते बसणारच नाही.

मात्र कृष्णाकाठताई, तुमच्याही मताला एक जोड हवी. तेच वाक्य पुस्तकात असलं तर टीका. मशिदीसमोर डीजे थांबवून, आमच्याकडे बोट करून म्हटलं तर धमकी. शब्द तेच असले तरी कोण, कुठे, कुणाला उद्देशून बोलतंय, ते बघायला हवं.

घाटमाथा
मिरजवाली, दुकानाबद्दल वाचून वाईट वाटलं. बहिष्काराची हाक देणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायलाच हवा, तिथे माझा वाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. कलम २९९ रद्द करायला मात्र माझा विरोध कायम आहे. आडवाट, अटकेआधी चौकशीची सोय होऊ शकत नाही का?

आडवाट
सोय आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम १७३(३)प्रमाणे तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढींवर एका कवितेवरून गुन्हा दाखल झाला, त्या प्रकरणात मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणंच योग्य. त्या गुन्ह्यात १९६ आणि २९९ ही दोन्ही कलमं होती. आमच्या ठाण्यात ती झालेली मी अजून पाहिली नाही. पुढच्या वेळी रात्री फोन आला की त्या निकालाची प्रत घेऊनच जाणार आहे.