मदत हवी आहे: १४ माणसांच्या वर्कशॉपला ऑनलाइन प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? ट्रेलो, झोहो, मंडे की आपलं एक्सेलच बरं?

शहापूरची

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशिनिंग वर्कशॉपमध्ये प्लॅनिंग, परचेस, डिस्पॅच सगळंच बघते, लहान ठिकाणी असंच असतं, चहा सांगायचं कामपण माझ्याकडेच. ऑफिस धरून १४ माणसं आहोत, त्यातले सॉफ्टवेअर हातात घेतील असे ७-८.

काम असं आहे की फौंड्रीतून कास्टिंग येतं, मग लेथ नाहीतर व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), त्यातले काही पार्ट पावडर कोटिंगला किंवा प्लेटिंगला बाहेर जातात, परत आले की इन्स्पेक्शन, पॅकिंग आणि गाडी कोल्हापूरला नाहीतर पुण्याला. आत्ता हे सगळं व्हॉट्सॅप ग्रुपवर चालतंय. पीओचा (कस्टमरच्या ऑर्डरचा) फोटो तिथंच, ड्रॉइंगचं पीडीएफ तिथंच, "इन्सर्ट संपले" हेपण तिथंच आणि मधेच कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस. परवा एका पार्टच्या ड्रॉइंगचं नवीन रिव्हिजन सी आलेलं, ग्रुपवर टाकलेलंपण होतं खरं मशीनजवळ जुन्या बी चीच प्रिंट लटकत होती. तीस पीस झाल्यावर इन्स्पेक्शनला कळलं. तेव्हापासून अण्णा (मालक) म्हणतात काहीतरी सॉफ्टवेअर हुडक.

मी हुडकायला बसले आणि डोकं फिरलं. ट्रेलो सोपं वाटलं खरं त्यात फुकटात टाइमलाइन मिळत नाही. मंडे दिसायला फार छान, रंगीबेरंगी, पण रेट माणसागणिक. क्लिकअप उघडलं तर डाव्या बाजूला इतकं काही आहे की मलाच समजेना, आमच्या सुपरवायझर काकांना काय दाखवू. असाना, बेसकॅम्प, जिरा ही नावं नुसती वाचलीत. झोहो प्रोजेक्ट्स आपल्याकडचं आहे म्हणून बरं वाटतंय.

अण्णांना गँट चार्ट (कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार ते दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता) पाहिजेच आहे कारण एका कस्टमरच्या ऑफिसात भिंतीवर लावलेला बघून आलेत. आणखी एक भानगड म्हणजे काका कन्नडच सफाईनं वाचतात, दोन ऑपरेटर मराठी शाळेतले आणि इंग्रजी सगळ्यांचं कामापुरतं. फोन सगळ्यांकडे अँड्रॉइड, हाताला कूलंट लागलेलं. तर अशा ठिकाणी खरंच काय चालतं ते वापरलेल्यांनी सांगा. यूट्यूबवरचे टॉप टेन बघून झालेत, तिथं सगळेच नंबर एक आहेत.

कॅम्पातला_कोडर

ताई, आधी जिरा यादीतून काढा. १० माणसांपर्यंत फुकट आहे हे खरं, पण ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कामासाठी घडवलेलं आहे, मी रोज त्यात राहतो म्हणून सांगतो, तुमच्या काकांना त्यात सोडू नका.

मंडेचं गणित नीट बघा. पैसे भरायला लागलं की कमीत कमी ३ सीट (म्हणजे ३ माणसांचे पैसे) घ्याव्या लागतात आणि पुढे सीट गठ्ठ्यानं मिळतात, म्हणजे ३ नंतर ५, मग १०. सहावा माणूस आला की १० चे पैसे. बेसकॅम्पचा एक प्लॅन माणसं न मोजता ठरलेल्या रकमेचा आहे, पण ती महिन्याला ३०० डॉलरच्या आसपास जाते, आठ जणांसाठी वेडेपणा आहे. क्लिकअपमध्ये फुकटात माणसं कितीपण घाला, फाइल ठेवायची जागा मात्र अगदी चिमूटभर, आणि तुमचं तर सगळं ड्रॉइंगवरच चालतं.

मला एक सांगा, स्टेटस बदलणार कोण? ऑपरेटर स्वतः, काका, की तुम्ही एकट्याच? उत्तर "मी एकटीच" असेल तर कशाला डोकं फोडून घेऊलालाय, एक्सेल बास आहे.

निपाणीकर

सॉफ्टवेअरमधलं मला फार कळत नाही पण पैशाचं सांगतो, मी अकाउंट्स बघतो.

डॉलरमध्ये बिल येणारं काही घेतलं तर बँकेचा फॉरेक्स मार्कअप (डॉलर बदलून द्यायचा जादा आकार) वर लागतो, तो रेट बघताना कुणी धरत नाही. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का ते आधी तपासा, २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू करून देतात, बाहेरचं आपण चालू करून घ्यायचं. आणि दर महिन्याला आपोआप कापून जाणाऱ्या पैशाला रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा (आधी परवानगी देऊन ठेवायचा) नियम ऑक्टोबर २०२१ पासून आहे. १५,००० रुपयांच्या आतलं मँडेट एकदा केलं की जातं, वर असेल तर दर वेळी ओटीपी. वर्षाचं एकदम भरायला गेलात तर त्याच्यात बसतंय का बघा.

जीएसटीचं असं, की परदेशी कंपनीला तुम्ही तुमचा जीएसटी नंबर दिला की १८ टक्के रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा, तोपण रोखीनं, आणि मग क्रेडिट (पुढच्या टॅक्समधून वजावट) घ्यायचं. रक्कम लहान असते पण रिटर्नमध्ये दर महिन्याला एक ओळ वाढते आणि ती विसरली जाते. झोहो चेन्नईची कंपनी, बिल रुपयात, जीएसटीसकट, सरळ क्रेडिट. मी तर एवढ्यासाठीच झोहो म्हणेन. आणि कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी स्कीम) असाल तर क्रेडिट विसराच.

शहापूरची

बाप रे, हे पैशाचं डोक्यातच नव्हतं. रेग्युलर जीएसटी आहे, कंपोझिशन नाही.

@कॅम्पातला_कोडर, स्टेटस काका बदलतील आणि इन्स्पेक्शनचा मुलगा बदलेल. ऑपरेटरनी नुसतं बघितलं तरी चालेल. मी एकटी नकोच, माझ्या सुटीच्या दिवशी सगळे मला फोन करतात म्हणून तर हे सगळं.

गोकाकचा_करदंट

फुकट पाहिजे तर कानबोर्ड नाहीतर रेडमाइन एका जुन्या पीसीवर टाका, ओपन सोर्स आहे, डेटा आपल्या घरात. कुणाला एक रुपया द्यायचा नाही.

कॅम्पातला_कोडर

आणि लाईट गेली, हार्डडिस्क उडाली, बॅकअप राहिला, तर उद्यमबागेत येऊन बघणार कोण, तुम्ही? :) आयटीवाला माणूस पगारावर असेल तरच तो खेळ करावा.

शिनोळीचे_काका

ताई, मी पलीकडे शिनोळीत आहे, चंदगड तालुका, म्हणजे तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आणि कागदावर दुसऱ्या राज्यात. आमचं फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) आणि मशिनिंग. ट्रेलोत असते ती बोर्ड आणि कार्ड ही पद्धत या सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेली नाही, ती टोयोटाच्या कारखान्यातली, कानबान, जपानमध्ये १९५० च्या आसपासची. आमच्याकडं ऑटोचे कस्टमर आहेत त्यांनी आम्हाला भिंतीवर खिसे लावून करायला लावलेलं, तेव्हा मोबाइल कुठले. त्यामुळे ट्रेलोसारखं काही घेतलं तर वर्कशॉपच्या माणसाला लगेच समजतं, हे कार्ड इथं आहे म्हणजे माल इथं आहे. यादीत टिक मारायची सॉफ्टवेअर तसं समजत नाहीत.

गँटचं मालकांना असं सांगा की गँट नवीन पार्टला. पॅटर्न बनायला इतके दिवस, सॅम्पल कास्टिंग, ट्रायल मशिनिंग, कस्टमरचं अप्रूव्हल, हे एकामागून एक अडकलेलं काम असतं, एक सरकलं की सगळं सरकतं, तिथं गँट कामाचा. तोच पार्ट दर महिन्याला २०० नग करायचा असेल तर त्याला गँट काढून काय करणार? तिथं फक्त कुठल्या मशीनपुढं किती माल साठलाय ते दिसलं पाहिजे. तुमच्याकडं नवीन पार्ट एका वेळी किती असतात? दोन-तीन असतील तर ते एक्सेलमध्ये काढून भिंतीवर लावा, मालक खूश.

आणखी एक, प्लेटिंग नाहीतर कोटिंग आमच्या बाजूला देत असाल तर त्या टप्प्यावर ई-वे बिलाची (माल गाडीनं नेताना काढायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आठवण ठेवा. एरवी रकमेची मर्यादा असते, पण जॉब वर्कला (आपल्या मालावर बाहेर काम करून घ्यायला) माल दुसऱ्या राज्यात पाठवला की किंमत कितीपण कमी असो, ई-वे बिल लागतंच. आमच्याकडं येणारी टेंपोभर पोरं अजून म्हणतात, "काका, पंधरा मिनिटांवर तर आलोय." नाक्यावर पंधरा मिनिटं कुणी विचारत नाही.

शहापूरची

काका, अगदी बरोबर, आमचं प्लेटिंग तुमच्याच बाजूला जातं. ई-वे बिल मीच करते, खरं मी नसले की राहतं. नवीन पार्ट एका वेळी दोन किंवा तीनच असतात. हे अण्णांना पटेल असं वाटतंय.

खानापूरची_सुनंदा

आमची विटा-कौलांची एजन्सी आहे, वेगळं काम, तरी सांगते. आम्ही गूगल शीट ठेवलंय आणि त्यावर अ‍ॅपशीटनं एक लहानसं अ‍ॅप बनवलंय. ड्रायव्हर माल उतरला की फोटो काढतो आणि बटण दाबतो, बास. बटणावर काय लिहायचं ते आपल्या हातात, त्यामुळे आमच्यात एका बटणाखाली कन्नड आणि मराठी दोन्ही आहे. रेंज नसली तरी भरून ठेवतं आणि नंतर पाठवतं, आमच्या जंगलाच्या बाजूला तेच मुख्य. बनवायला मात्र बसावं लागतं, माझ्या भाच्यानं केलं, आणि तो बंगळूरला गेल्यापासून एक कॉलम वाढवायचा तर त्याच्या शनिवारची वाट बघते.

कॅम्पातला_कोडर

अ‍ॅपशीट चांगलंच आहे, पण भाचा पाहिजे :) म्हणून ताईंना मी ट्रेलो फ्रीच सांगेन. कसं लावायचं ते लिहितो.

एकच बोर्ड करा. डावीकडून उजवीकडे लिस्ट: पीओ आली, कास्टिंग आलं, लेथ, व्हीएमसी, बाहेर गेलंय, इन्स्पेक्शन, पॅकिंग, गेलं. लिस्टचं नाव, कार्डाचं नाव कुठल्याही लिपीत टाइप होतं, नाहीतरी लेथला कन्नडमध्येपण लेथच म्हणतात, काकांना अडचण येऊ नये. वर १, २, ३ आकडे घाला म्हणजे फोनवरपण बोलता येतं, "अमुक पार्ट चारमध्ये आहे".

एक कार्ड म्हणजे एक पीओचा एक पार्ट. कार्डाच्या नावात पार्ट नंबर, नग आणि रिव्हिजन. हे रिव्हिजन नावातच पाहिजे, आत नको, कारण आत कुणी बघत नाही. ड्रॉइंग कार्डालाच जोडा आणि नवीन आलं की जुनं काढून टाका, दोन्ही ठेवू नका. फुकटात एक फाइल १० एमबीपर्यंत चालते, पीडीएफला पुष्कळ झालं, थ्रीडी मॉडेल जड असेल तर ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या. मशीनजवळ प्रिंट लटकवायची असेल तर लटकवा, पण व्हीएमसीच्या लिस्टमध्ये कार्ड सरकवणाऱ्यानं प्रिंटवरचं अक्षर आणि कार्डावरचं अक्षर एक आहे का बघायचं, हा नियम काकांच्या गळी उतरवा. त्याशिवाय कुठलंच सॉफ्टवेअर तुमचे ते तीस पीस वाचवणार नाही.

"बाहेर गेलंय" मध्ये कार्ड गेलं की आपोआप चेकलिस्ट लागेल आणि परत यायची तारीख पडेल असा नियम बटलरमध्ये (ट्रेलोतली आपोआप काम करायची सोय) लावता येतो: चलन, ई-वे बिल, नग मोजले. फुकटात असे नियम महिन्याला २५० वेळा चालतात. कार्ड एजिंग नावाचं पॉवर-अपपण (ट्रेलोला जोडायची जादा सोय) चालू करा, बरेच दिवस हात न लागलेलं कार्ड फिकट होत जातं. अण्णांना दुसरं काही दाखवू नका, फिकट कार्डं दाखवा.

मर्यादा अशी की फुकटात एका वर्कस्पेसमध्ये १० जण. तुम्ही ७-८ म्हणालात, म्हणजे बसतं. ज्यांना नुसतं बघायचंय त्यांच्यासाठी लॉगिन वाया घालवू नका, शॉपमध्ये एक जुना मॉनिटर लावून बोर्ड उघडा ठेवा.

निपाणीकर

फुकट असेल तर माझी हरकत नाही, ई-मँडेटपण नको आणि रिव्हर्स चार्जपण नको. रेट आणि बिलाचे आकडे मात्र त्या बोर्डवर घालू नका, बोर्ड सगळ्यांना दिसतो. जॉब वर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे नाहीतर जीएसटीत तो पुरवठा धरला जातो, त्यामुळे चलन नंबर आणि तारीख कार्डावर घालायची सवय लावलीत तर माझ्यासारखा अकाउंटंट तुम्हाला दुवा देईल.

शहापूरची

सगळ्यांना खूप धन्यवाद. आत्ताच अण्णांशी बोलले. एकाच कस्टमरच्या पीओ घालून ट्रेलोवर सुरुवात करते, बाकीचं आहे तसं व्हॉट्सॅपवर. गँट मी एक्सेलमध्ये काढून देते, दोनच नवीन पार्ट आहेत, रंगीत प्रिंट काढून केबिनमध्ये लावते. झोहो पुढच्या वर्षी माणसं वाढली तर बघू, म्हणजे निपाणीकरांचा शब्दपण राहील.

फक्त एक विचारायचं राहिलं. प्लेटिंगवाल्याला बोर्डवर घेऊ का? तोच कार्ड सरकवेल म्हणजे मला रोज फोन करायला नको.

कॅम्पातला_कोडर

नको. बाहेरचा पाहुणा धरला तरी तो १० मध्येच मोजतात, आमंत्रण पाठवून त्यानं स्वीकारलं नाही तरीपण. शिवाय त्याला तुमच्या बाकीच्या कस्टमरचे पार्ट दिसतील.

शिनोळीचे_काका

आणि तो सरकवणारपण नाही. आमचाच धंदा आहे, मला माहीत आहे. तुमचा टेंपोवाला माल घेऊन आत आला की त्यालाच चलनाचा फोटो पाठवायला सांगा, तुमचे सुपरवायझर काका कार्ड सरकवतील. प्लेटिंग कुठं देताय ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओळखीचा निघाला तर तारखेचं मी बघतो.