सल्ला हवा: चिलखती बुलडोझरचं किट, डी९आर घ्यावं की डी७?

खटपट्या
नमस्कार मंडळी. आजवर प्लास्टिकच्या मॉडेल-किटमधून सगळे रणगाडेच जोडले. आता तोफ नसलेलं काहीतरी करायची हुक्की आली आहे. १/३५ मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं) मेंग कंपनीचा डी९आर डोळ्यांत भरलाय, म्हणजे इस्रायली सैन्याचा चिलखती बुलडोझर, 'दूबी'. त्यातही एक साधा आणि एक बाहेरून जाळीचं चिलखत लावलेला, अशी दोन वेगळी खोकी आहेत. दुसरीकडे मिनीआर्टचा दुसऱ्या महायुद्धातला चिलखती डी७ आहे. एअरब्रश आहे, हात बरा चालतो, पण सुटे दुवे जोडून करायचा पट्टा आजवर टाळत आलोय. कोणतं किट घेऊ? आणि रणगाड्यापेक्षा यात वेगळं काय सांभाळावं लागतं?

अवजड_वाहन
आधी जागा मोजा. चिलखती डी९आर पातं आणि रिपर (मागचा, जमीन उकरणारा दात) धरून आठ मीटरच्या आसपास, उंची चार मीटर. म्हणजे १/३५ मध्ये साधारण २३ सेंटिमीटर लांब आणि साडेअकरा सेंटिमीटर उंच ठोकळा. रणगाडे ठेवायच्या फळीवर तो बहुतेक बसणारच नाही.

दोन्ही यंत्रं कॅटरपिलरचीच, पण घराणी वेगळी. डी७ मध्ये पातं उचलायला हायड्रॉलिक नाही. मागे विंच (केबल गुंडाळणारं चक्र) आणि तिथून कप्प्यांवरून पुढे येणारी पोलादी केबल. या केबलमुळेच ते मॉडेल उठून दिसतं आणि तिथेच वेळही जातो. लोंबणारा शिवणाचा दोरा लावलात तर सगळी मेहनत वाया. बारीक तांब्याच्या तारा पिळून केबल करा किंवा लव नसलेला घट्ट पिळाचा दोरा घ्या. त्या किटचे भाग अगदी नाजूक आहेत, त्यामुळे साइड कटर धारदार हवा आणि भाग सोडवताना घाई नको.

डी९आरमध्ये सगळा कारभार हायड्रॉलिक. भाग मोठे, सपाट पत्रे भरपूर, जोडायला सरळ. पहिलाच बुलडोझर असेल तर माझं मत साध्या डी९आरला. जाळीवाला नंतर.

मधली_सुट्टी
तिसरा पर्याय राहिलाच की. टाकोमचा अमेरिकन एम९ एस, म्हणजे माती ढकलणारं चिलखती वाहन. एकच माणूस चालवतो, अंग ॲल्युमिनियमचं, आणि पुढच्या पोकळीत माती भरून वजन वाढवायचं म्हणजे ढकलायला जोर येतो. इतकी हुशार कल्पना असूनही त्याचं मॉडेल कोणी करताना दिसत नाही.

अवजड_वाहन
@मधली_सुट्टी, दिसायला ते पत्र्याच्या पेटीसारखं आहे, म्हणून असेल. मला आवडतं, पण खटपट्यांना 'बुलडोझर' हवाय असं दिसतंय.

पोलादी_पातं
पट्ट्याला घाबरू नका. उलट डी९चं सगळं सौंदर्य त्या पट्ट्यात आहे. रणगाड्यासारखा तो लांबट नसतो, त्रिकोणी असतो. दात्यांचं चाक वर उचललेलं. कॅटरपिलरने ही रचना १९७७ साली डी१० वर आणली आणि पुढे डी९ मध्येही आली. त्यामुळे यंत्राचं वजन आणि जमिनीचे धक्के थेट त्या चाकावर आणि त्यामागच्या गिअरवर येत नाहीत.

मॉडेलच्या दृष्टीने याचा अर्थ असा: त्रिकोणाच्या मागच्या बाजूला पट्टा जवळपास सरळ दिसला पाहिजे आणि वरच्या बाजूला, दात्यांच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत, किंचित झोळ. रणगाड्याच्या सवयीने भरपूर झोळ दिलात तर तो बुलडोझर वाटणार नाही.

दुवे स्प्रूवरून (किटचे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीवरून) सोडवल्यावर आतल्या कडेचा उरलेला कोंभ पूर्ण घासून सपाट करा. तो राहिला की दुवा अडकतो आणि माणूस किटला शिव्या देतो. पिनेच्या भोकाजवळ पातळ सिमेंट अजिबात नको, केशाकर्षणाने आत शिरून सगळं जाम करतं. पुढचं चाक शेवटपर्यंत चिकटवू नका. पट्टा चढवून ताण बघा, मग ठरवा. दोन्ही बाजूंच्या दुव्यांची संख्या सूचनापुस्तिकेशी आणि एकमेकांशी ताडून बघा.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: ताणलेल्या, हलत्या पट्ट्यावर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेला वॉश (खाचांत उतरणारा पाणचट रंग) ओतू नका. ताणाखाली असलेलं प्लास्टिक त्याने तडकतं. त्या वेळी काही दिसत नाही, पिना मागाहून तुटायला लागतात. पट्टा मोकळा ठेवून, जमिनीवर आडवा पसरून रंगवा आणि तिथे पाण्यावरचे वॉश वापरा.

खटपट्या
हे कुठे वाचलं नव्हतं. धन्यवाद! आणि केबिन? आतलं सगळं दिसतं का? की उगाच तासन्‌तास घालवायचे?

चष्मेवाली
काचा जाड आणि केबिन पिंजऱ्यासारखी बंद, त्यामुळे आतलं फारसं दिसत नाही. दोन माणसांच्या बैठका, चालवणारा आणि कमांडर. बैठका, हँडल आणि समोरचा फलक एवढं नीट करा. जमिनीवर थोडी धूळ, बस्स. बाकीचा वेळ काचांना द्या.

चिलखती काच साधी पारदर्शक ठेवली की खोटी वाटते. तिला जाडी असते, म्हणून कडेकडून हिरवट झाक येते. पारदर्शक हिरव्या रंगात थेंबभर निळा घालून तो फक्त कडांना आणि आतल्या बाजूला अगदी पातळ लावा. सुपरग्लू जवळसुद्धा नको, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते. पांढरा पाण्यावरचा गोंद पुरे, तिथे जोर कुठे पडणार आहे? केबिनचं छत रंगकाम संपेपर्यंत नुसतं टेकवून ठेवा.

रंगारी
उशिरा आलो, पण मुद्दा माझ्या आवडीचा निघाला, म्हणून जरा लांबण लावतो.

बुलडोझर रंगवताना लोक रणगाड्याची कृती जशीच्या तशी उचलतात: सगळ्या कडांवर सारख्या खरचटी, सगळीकडे सारखा गंज, वरून धूळ. बुलडोझर हे माती ढकलणारं यंत्र आहे. त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागापाशी एकच प्रश्न विचारायचा: इथे माती घासते, बूट घासतो, पोलाद पोलादावर घासतं, की नुसती धूळ बसते? प्रत्येकाचं उत्तर वेगळं दिसतं.

पात्यापासून सुरू करू. खालची धार वेगळी, बोल्टने बसवलेली असते. ती आणि पात्याचा खालचा-मधला भाग रोज मातीने घासला जातो, तिथे रंग उरतच नाही. उघडं, गुळगुळीत, राखाडी पोलाद. वर जाल तसा रंग तुटक तुटक दिसायला लागतो आणि अगदी वरच्या कडेला तो शाबूत असतो. पात्याच्या या घासलेल्या भागावर खरचटे काढत बसण्यापेक्षा गडद राखाडी रंग देऊन वर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने घासा. ओरखडे उभे हवेत, कारण माती पात्यावरून वर चढते आणि वळून पुढे पडते. गंज हवा असेल तर चालू यंत्राच्या पात्यावर फक्त नारिंगी, पातळ झाक, एखादा दिवस उभं राहिल्यावर दमटपणाने येते तेवढीच. खोल तपकिरी गंज म्हणजे यंत्र महिनोन्‌महिने पडून आहे.

पट्ट्याच्या प्रत्येक बुटावर (जमिनीला टेकणाऱ्या पत्र्यावर) एक उंच पट्टी असते. तिची फक्त कड चकाकती. आतून रोलर जिथे फिरतात तो रूळही चकाकता. मधल्या खाचांत माती. दात्यांच्या चाकाला पट्ट्याशी जिथे स्पर्श होतो तिथेच चमक, बाकी काळपट.

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा: हायड्रॉलिक दांडे. दांडा क्रोमचा असतो आणि दर वेळी सिलिंडरमध्ये जाताना तोंडावरचं सील त्याला पुसून काढतं. म्हणून अख्खं यंत्र चिखलाने माखलेलं असलं तरी दांडा लखलखीत. क्रोम मार्कर किंवा चकचकीत फॉइल, आणि त्यावर ना वार्निश ना पिगमेंट (रंगाची कोरडी पूड). सिलिंडरच्या तोंडाशी तेलकट कडं आणि सांध्याच्या खिळींपाशी ग्रीसचे काळे ओघळ. ग्रीसला धूळ चिकटते, म्हणून ते ओघळ काळे असले तरी वरून मळकट हवेत.

चिलखताचे उभे पत्रे शांत ठेवा. उभ्या पत्र्याला माती घासत नाही, त्यावर फक्त पावसाच्या ओघळांच्या फिकट रेषा आणि खालून उडालेली धूळ. पायऱ्यांवर आणि जिथे हात धरून चढतात त्या कांबीवर रंग उडालेला. धुराड्याच्या तोंडाशी काजळी.

रंग सोलायचा असेल तर हेअरस्प्रेची पद्धत: खालचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक, मग ओल्या ब्रशने घासायचं. टॅमियाचा ॲक्रिलिक पाण्याने पातळ केलात तर मोठे पापुद्रे निघतात, कंपनीच्या थिनरने केलात तर बारीक. लॅकर थिनर वापरलात तर तो इतका पक्का धरतो की घासत बसा. मात्र सोललेल्या रंगाखाली कारखान्यातला मूळ पिवळा दाखवायची हौस आवरा. तुम्ही ज्या विशिष्ट यंत्राचं मॉडेल करताय त्याच्या फोटोत पिवळा दिसत असेल तरच दाखवा.

मधली_सुट्टी
वाखुसा! (वाचनखूण साठवली)

जेसीबीकर
किट-बिट आपल्याला कळत नाही, पण डोझर रोज बघतो. रंगारींनी दांड्याचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. अजून एक सांगतो. चालक उतरला की पातं आणि रिपर दोन्ही जमिनीवर टेकवलेले असतात. हा सुरक्षेचा नियमच. इंजिन बंद आणि पातं हवेत, असा डोझर कोणी सोडत नाही. तुमच्यातले काहीजण केबिन रिकामी ठेवतात आणि पातं अर्ध्यावर वर. बघून हात शिवशिवतो की जाऊन खाली करावं.

रंगारी
@जेसीबीकर, मान गये! म्हणजे पातं वर हवं असेल तर केबिनमध्ये माणूस बसवायचा.

जेसीबीकर
हो. आणि दोन्ही बाजूंच्या उचलणाऱ्या दांड्यांची लांबी सारखी ठेवा. पातं तिरकं करायला वेगळा सिलिंडर असतो. एक दांडा लांब आणि एक आखूड पण पातं मात्र सरळ, असं होत नाही.

पोलादी_पातं
म्हणूनच पातं हलतं ठेवायच्या नादी लागू नका. कोन ठरवा, दांडे मोजा, चिकटवा.

अनवट
थोडं अवांतर. डी९ ने गाझात घरं पाडली, २००३ मध्ये रफाहला रेचल कॉरी ही अमेरिकन कार्यकर्ती याच यंत्राखाली गेली. मॉडेल करू नका असं म्हणत नाही. पण डायोरामा (मॉडेलभोवतीचा देखावा) करताना पडक्या घराचा ढिगारा 'छान पार्श्वभूमी' म्हणून ठेवला जातो, ते मला खटकतं.

अवजड_वाहन
@अनवट, मुद्दा रास्त आहे. डायोरामाच करायचा असेल तर वाळूचा बांध घालणारं यंत्र दाखवता येतं, ते काम हे रोज करतं. किंवा २००३ च्या इराक युद्धात अमेरिकन सैन्यानेही चिलखती डी९ वापरले, तोही एक संदर्भ. नाहीतर सरळ डी७ घ्या. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांनी चिलखती डी७ उतरवले होते. अडथळे बाजूला सारणं आणि वाळूतून वाट काढणं हेच त्यांचं काम. त्यांना चिलखत चढवण्याचं काम हॅटफिल्डच्या जॅक ओल्डिंग कंपनीने केलं होतं. फक्त मिनीआर्टचं खोकं अमेरिकन यंत्राचं आहे, ब्रिटिश करायचं तर केबिनचा आकार फोटोवरून ताडून बघा.

खटपट्या
@अनवट, पटलं. मी डायोरामा करणारच नव्हतो. फार तर पट्ट्याखाली थोडी माती, एवढाच आधार.

ठरलं: साधा डी९आर, जाळी नाही, पातं आणि रिपर दोन्ही टेकलेले, केबिन रिकामी. अंगणातली माती चाळून वापरली तर चालेल का?

चष्मेवाली
चालेल, पण चाळणी कसली त्यावर अवलंबून आहे. या मापात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्यातला साडेतीन सेंटिमीटरचा दगड. चहाच्या गाळणीतून आलेल्या मातीतही बारीक गोटे निघतात. ती आधी भाजून घ्या म्हणजे बुरशी येत नाही, मग कापडातून वस्त्रगाळ करा. वस्त्रगाळ पूड आणि पिगमेंट धुळीसाठी, गाळणीतली जाड पट्ट्याच्या खाचांसाठी. चिकटवायला मॅट ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून.

रंगारी
आणि पात्यासमोर माती ठेवणार असाल तर तिचा ओला, गडद रंग आणि वरच्या सुक्या धुळीचा फिका रंग वेगळे ठेवा. नुकती उकरलेली माती खालून गडदच निघते.

खटपट्या
शेवटचा प्रश्न. मागच्या रिपरला मधोमध एकच दात ठेवू की तीन? फोटोंत दोन्ही दिसतात.

जेसीबीकर
दोन्ही असतात. कडक खडक फोडायचा तर एक दात, सगळा जोर एका टोकावर. मऊ जमीन सैल करायची तर जास्त दात. किटमध्ये जो दिलाय तो लावा, पण टोकाची टोपी वेगळी असते, झिजली की बदलतात. ती बाकी दातापेक्षा चकचकीत करा. रिपर टेकवलेला दाखवताय, तर टोक थोडं मातीत रुतू द्या, मातीवर नुसतं ठेवलेलं नको.