विषय: आमचा डॉक्टर गेला

नमस्कार मंडळी,

नाट्यवाचनाच्या तारखेचा घोळ चालू असताना मध्येच घुसतोय, माफ करा. माझा होस्टेलचा रूमपार्टनर मंगळवारी गेला. शिक्षण संपल्यावर आम्ही सगळे मुंबई-पुण्याला चिकटलो, हा एमबीबीएस होऊन रायगडात सरकारी दवाखान्यात गेला तो तिथलाच झाला.

१९९१ च्या मेमध्ये मी त्याच्याकडे आंबे खायला गेलो होतो. दुसऱ्याच रात्री सात वर्षांच्या पोराला डोलीतून आणलं. कौलं परतताना लाल विंचू चावलेला, त्यात मांत्रिकाकडे तीन तास गेलेले. पोर घामानं निथळत होतं, हातपाय गारठलेले, धाप लागलेली. डॉक्टरनं प्राझोसिनची गोळी मोडली, तुकडा पाण्यात विरघळवून पाजला आणि मला स्टूल दिलं. "आत बाळंतपण अडलंय. तू याचे पाय धरून बस. उभा राहू देऊ नकोस. पाय गरम लागले की हाक मार."

मी बँकेतला माणूस. रात्रभर त्या पोराचे तळवे धरून बसलो. पहाटे चारच्या सुमाराला आधी वाटलं माझेच हात तापलेत. हाक मारली. त्यानं पाय चाचपले आणि म्हणाला, "चहा टाक."

(लेस्टरहून)

---

वाचून गलबललो. त्या पायांचं सांगतो. विंचवाच्या विषानं अंगातलं अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिन मुळात रक्तदाबाचं औषध. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी ते विंचूदंशावर वापरलं, १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये! वाहिन्या सैलावल्या की पाय गरम होतात. तुमच्या मित्राला त्या रात्री मॉनिटर कुठला मिळणार, तुमचे हात होते. रविवारी वाचनाआधी दोन मिनिटं उभे राहू या का?

(मँचेस्टरहून, निवृत्त डॉक्टर)

---

डॉक्टरकाका, आभार. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. त्याच्या टेबलाच्या काचेखाली एक इंग्रजी झेरॉक्स असायची, कडा पिवळ्या पडलेली. मी इतकी वर्षं ती बदलीची ऑर्डर समजत होतो.

दोन मिनिटं शांतता नको, त्याला ती झेपली नसती. रविवारी चहाची पाळी कुणाची आहे? माझ्याकडे द्या.