शब्दचर्चा : शिक्षणाचा 'दर्जा' की 'गुणवत्ता'?

प्रश्न : शालेय शिक्षणावरचा एक लेख तपासते आहे. लेखकाने कुठे 'शिक्षणाचा दर्जा' म्हटलंय, कुठे 'गुणवत्ता', आणि एका ठिकाणी चक्क 'निकृष्ट गुणवत्ता'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि गुणवत्ता निकृष्ट कशी असेल?

प्रतिसाद : शंका रास्त आहे. गुणवत् म्हणजे गुण असलेला, त्याला 'ता' लागून गुणवत्ता. चांगुलपणा शब्दातच आला. 'विद्वत्ता'ही तशीच घडलेली, आणि निकृष्ट विद्वत्ता असं कुणी म्हणत नाही. पण 'क्वालिटी'ला प्रतिशब्द म्हणून वापरून वापरून गुणवत्ता तटस्थ झाली, मग चांगली आहे हे सांगायला 'गुणवत्तापूर्ण' आलं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ शाश्वत विकास ध्येयांपैकी चौथं मराठीत असंच लिहितात : गुणवत्तापूर्ण शिक्षण. तुमच्या लेखात मी 'निकृष्ट दर्जा' करेन. दर्जा अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ पायरी. त्यात वर-खाली आहेच.

प्रतिसाद : म्हणूनच इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, निकाल यांच्याबद्दल बोलताना दर्जा शोभतो. वर्गात काय घडतं याबद्दल बोलताना नाही.

प्रतिसाद : मी शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. खरा घोळ 'गुण' या शब्दाने केलाय. मार्कांनाही आपण गुणच म्हणतो, त्यामुळे 'गुणवत्ता यादी' म्हणजे निव्वळ मार्कांची यादी झाली आणि गुणवत्ता वाढवा म्हटलं की सराव परीक्षा वाढतात!

एक उदाहरण देते. ५२ वजा ३८, मुलाने उत्तर लिहिलं २६. फुली मारून शून्य गुण देता येतात. पण "कसं केलंस, सांग बरं" असं विचारलं तर तो सांगतो : आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे वजाबाकी त्याला येते, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं अशी त्याची समजूत झालीय. आता दशकाची एक काडीजुडी सोडून बारा सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवायच्या आणि त्यातून आठ काढायला सांगायचं. उत्तर १४ तो स्वतः काढतो. माझ्या लेखी गुणवत्ता ती हीच : मुलाचं कुठे अडलंय हे शिक्षकाला कळणं, आणि त्यासाठी वेळ असणं. साठ मुलांच्या वर्गात हे रोज जमत नाही, हेही लिहून ठेवते.

औषधाला 'गुण आला' म्हणतो ना आपण? गुणाचा तो अर्थ इथे धरावा. मुलात फरक पडला का, एवढंच बघायचं.

प्रतिसाद : पटलं, पण फरक पडला हे मोजल्याशिवाय कळणार कसं? सगळ्याच चाचण्या पाठांतराच्या नसतात. २००० पासून चालू असलेली 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी १५ वर्षांच्या मुलांना वाचन, गणित आणि विज्ञान वापरायला लावते. जागतिक बँक तर साधा प्रश्न विचारते : दहा वर्षांच्या मुलाला सोपा मजकूर वाचून समजतो का? गंमत म्हणजे 'इयत्ता' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही 'एवढेपणा', म्हणजे मोजमाप. मूल इयत्तेने पाचवीत आणि वाचन दुसरीचं, ही तफावत मोजूनच हाती लागते.

प्रतिसाद : मोजा की, पण कशासाठी ते ठरवा. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे केले. आपल्याकडे त्यांना आकारिक आणि संकलित म्हणतात. संकलित म्हणजे सत्र संपल्यावरचा हिशेब. आकारिक म्हणजे शिकणं चालू असतानाच अंदाज घेऊन शिकवण्यात बदल करणं. वरचं वजाबाकीचं उदाहरण आकारिकच आहे. दुर्दैवाने कित्येक ठिकाणी आकारिकचेही रकाने सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरले जातात. मग नाव काहीही द्या.

प्रश्नकर्ती : आभार. सुविधा आणि निकालांच्या परिच्छेदात 'दर्जा' ठेवते, शिकवण्याच्या परिच्छेदात 'गुणवत्ता'. एक राहिलंच : लेखात 'गुणात्मक शिक्षण' असंही आहे. ते चालेल?

प्रतिसाद : नको. गुणात्मक हे संख्यात्मकच्या विरुद्ध. 'मुलांच्या वाचनात गुणात्मक बदल झाला' हे बरोबर. चांगल्या शिक्षणाला सरळ 'चांगलं शिक्षण' म्हणा, किंवा जरा वजन हवं असेल तर 'कसदार'.